कॉय ॲब्शरचं पिवळं निशाण

कॉय ॲब्शरने स्वतःची गाडी आयुष्यात कधी ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर नेली नाही. ही गोष्ट टर्की नॉबमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, कारण चर्चकडे जाणारा रस्ता वळणावळणाचा, पुढच्याला ओलांडायची सोय नाही, आणि दर रविवारी सकाळी कॉयच्या पिकअपमागे अर्धं गाव मुंगीच्या पावलांनी चाललेलं असायचं. पाद्रीबुवासुद्धा त्याच रांगेत. एकदा पाद्रीबुवांनी प्रवचनाला सहनशीलता हा विषय घेतला, तेव्हा निम्मी मंडळी माना वळवून कॉयकडेच बघत बसली. त्याची बायको ओनेटा गाण्यांच्या पुस्तकात तोंड खुपसून हसत होती. कॉयला वाटलं, तिला रडू येतंय. त्याने खिशातून रुमाल काढून दिला.

असा हा माणूस. आणि हाच माणूस दर शनिवारी दुपारी टर्की नॉबच्या ट्रॅकवर, शर्यत जिथे सुरू होते आणि संपते त्या पांढऱ्या रेषेच्या वर उभारलेल्या लोखंडी मचाणावर चढायचा आणि चोवीस गाड्यांना हिरवं निशाण दाखवून मोकाट सोडायचा. सत्तावीस वर्षं. सोमवार ते शुक्रवार तो खुर्च्यांच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासायचा. तिथे त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नसे. शनिवारी मात्र सगळ्या जिल्ह्याची नजर त्याच्या उजव्या हातावर. ओनेटा म्हणायची, "दोन वर्षं माझ्या मागेपुढे फिरला, पण हिरवं काही दाखवेना. शेवटी मीच रेषा ओलांडली." हे ती चारचौघांत सांगायची आणि कॉयचे कान लाल व्हायचे.

आता निशाणांचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. हिरवं म्हणजे पळा. लाल म्हणजे जागच्या जागी थांबा. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं म्हणजे शर्यत संपली. आणि पिवळं म्हणजे कुणीतरी आपटलंय, सावकाश या. इतकं सोपं. पण टर्की नॉबचा एक जुना रिवाज होता. पिवळं दिसलं तरी तुमचा नंबर पक्का व्हायचा तो पांढरी रेषा ओलांडल्यावरच. म्हणजे निशाण दिसल्यापासून रेषेपर्यंत जेवढा ट्रॅक उरला असेल, तेवढ्यात पुढच्याला गाठायची मुभा. त्यामुळे सावकाश या म्हणून सांगणारं निशाण बाहेर आलं, की चोवीसच्या चोवीस जण ॲक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकवायचे. एरवी वळणावर माणूस जरा पाय उचलतो, एकामागे एक येतो. या दौडीत कुणी उचलायचं नाही. तिघं तिघं, चौघं चौघं एका रांगेत, डोळे रेषेवर. याला म्हणायचे पिवळी दौड. बाकाबाकावर मंडळी उभी राहायची ती या दौडीला. लिंबूपाणी पुढच्याच्या पाठीवर सांडायचं आणि पुढचा तक्रार करायचा नाही. शर्यत कोण जिंकलं हे निम्म्यांना घरी पोचेपर्यंत आठवत नसे. पण चार वर्षांपूर्वीची पिवळी दौड कुणी कशी मारली, हे न्हाव्याच्या दुकानात अजून हातवारे करून सांगत.

या दौडीवर सगळ्यात जास्त जीव कुणाचा, तर कॉयच्या मेहुण्याचा. हर्शेल क्रिस्को, ओनेटाचा धाकटा भाऊ. वय चौपन्न, धंदा नळ दुरुस्तीचा, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. गाडी त्याने स्वतः जुळवलेली, आणि जुळवताना नळाचेच पाइप वापरलेत अशी सगळ्यांना दाट शंका होती. हर्शेल कायम मागे. पुढचे चाळीस फेऱ्या मारत तेव्हा हा अडतीस. पण रिवाजात त्याच्यासारख्यांसाठी एक फट होती: पिवळ्या दौडीत पहिल्या नंबरच्या गाडीच्या आधी रेषा गाठली, तर बुडालेली एक फेरी परत मिळायची. बावीस वर्षांत हर्शेलला ही फेरी तीनदा मिळाली होती. तीनही वेळच्या तारखा त्याला पाठ होत्या. स्वतःच्या लग्नाची नव्हती.

"दाजी," तो कॉयला म्हणायचा, "मला जिंकायला वर्षभरात एवढंच मिळतं. बाकीचा सगळा वेळ मी तुमच्या ओळखीवर ट्रॅकवर असतो."

ओनेटाने कॉयकडे एकच मागितलं होतं, तेही बहुधा बटाटे सोलता सोलता, दुसरीकडे बघत. "तू वर असतोस. तुला सगळं दिसतं. शनिवारी संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी दोन पायांवर चालत आला पाहिजे."

कॉयने हो म्हटलं. आणि हे हो खरं करायला तो मचाणावर जे करायचा, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तो निशाण धरून ठेवायचा.

समजा, चौथ्या वळणावर, म्हणजे रेषेच्या थोडं अलीकडे, कुणाची गाडी गरकन फिरून आडवी उभी राहिली. बाकीचा घोळका लंबगोल ट्रॅकच्या पलीकडच्या सरळ रस्त्यावर आहे. निशाण आत्ताच दाखवलं, तर सगळे तिथूनच दौड सुरू करणार आणि चौघं चौघं त्या आडव्या गाडीवर येणार. न दाखवलं, तर ते रोजच्यासारखे येतील, वळणावर पाय उचलतील, एकामागे एक, आणि आडवी गाडी दिसली की बाजूने काढतील. डोळे असतात माणसाला. मग पहिली गाडी रेषेपासून चार हातांवर आली, की फडकन निशाण. दौडायला जागाच उरत नाही. त्या मधल्या पाच-सहा सेकंदांत कॉय निशाण मांडीशी घट्ट दाबून उभा असायचा आणि श्वास घ्यायचा नाही. कुणालाही सूचना न देता लोकांना संकटावर येऊ देणं, हे त्याचं काम नव्हतं. नेमकं उलटं होतं. पण सत्तावीस वर्षांत त्याने ओळखलं होतं, की टर्की नॉबमध्ये जपून या म्हणून सांगितलं, की माणसं जास्त जोरात येतात.

लोकांना मात्र एवढंच दिसायचं, की दौड बुडाली. "कॉय झोपला," असं एकजण ओरडायचा आणि मग अख्खा स्टँड घोरण्याचे आवाज काढायचा. बायकासुद्धा.

शनिवारच्या जेवणात हर्शेलही सोडायचा नाही. राजमा, मक्याचा पाव, कोबीचं तिखट लोणचं, आणि तोंडी लावायला कॉय.

"दाजी, आज निशाण दाखवायला काय मुहूर्त बघत होता काय?"

"ऊन होतं डोळ्यावर."

"ढग होते की दिवसभर."

"मग ढग होते डोळ्यावर."

"ओनेटा, ह्यांना चश्मा कर. नाहीतर मला तरी दुसरे दाजी कर."

"तुला जेवायला घालणारा दुसरा दाजी मिळाला तर मला कळव," ओनेटा म्हणायची, "मीही येते तिथेच."

कॉय लोणचं पुढे सरकवायचा. समोर बसलेला दोन पायांचा माणूस बघून त्याला बरं वाटायचं, आणि थट्टा फुकट होती.

ट्रॅकचा मालक गार्लंड पेनिक्स मात्र थट्टेतला नव्हता. बापाकडून ट्रॅक आला आणि बापाचीच टोपी आली, ती याला जराशी मोठी व्हायची, म्हणून सतत मागे ढकलत बोलायचा. त्या उन्हाळ्यात, चौऱ्याण्णव साली, त्याने कॉयला तिकीटखिडकीपाशी गाठलं.

"कॉय, तू निशाण दाबून ठेवतोस."

"वेळेवर दाखवतो."

"कुणाच्या वेळेवर? लोक दौड बघायला येतात. मागच्या महिन्यात चार अपघात, दौड एकसुद्धा धड नाही. माझ्या बापाच्या वेळी हात असा विजेसारखा चालायचा."

"तुझ्या बापाच्या वेळी मीच होतो वर."

गार्लंडने टोपी मागे ढकलली. "म्हणूनच म्हणतो, म्हातारा झालास. माझा पुतण्या टेरी आहे. त्याचा हात चपळ आहे. मला बोलायला लावू नकोस."

कॉय वळून मचाणाकडे गेला. पुढच्या शनिवारी एक गाडी आपटली, त्याने निशाण धरलं, लोक घोरले, गार्लंडने खालून टोपी काढून त्याच्याकडे रोखून बघितलं.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. हंगामाची शेवटची शर्यत, चाळीस फेऱ्या. एकतिसावी चालू होती. हर्शेल दोन फेऱ्या मागे, आतल्या बाजूने इमानदारीत चाललेला. चौथ्या वळणातून बाहेर येताना त्याचं मागचं टायर फुटलं. गाडी दीड गिरकी घेऊन आडवी झाली, आणि थांबली ती ड्रायव्हरचा दरवाजा येणाऱ्यांकडे करून. घोळका पलीकडच्या सरळ रस्त्यावर. कॉयने हे शंभरदा बघितलं होतं. काय करायचं ते हाताला पाठ होतं. धरायचं. सहा सेकंद.

पण आत हर्शेल होता. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर ती नुसती गाडी असती. इथे त्याला खिडकीच्या जाळीतून हर्शेलचं पांढरं हेल्मेट इकडे तिकडे वळताना दिसलं, आणि निशाण बाहेर आलेलं होतं. त्याने काढलं असं त्याला आठवत नव्हतं. ते बाहेर होतं, फडफडत होतं, आणि स्टँडमध्ये एकच गजर झाला. सगळे उभे. या वर्षातली पहिली धड पिवळी दौड.

पलीकडे इंजिनं एका सुरात चढली. चौथ्या वळणात तिघं एका रांगेत शिरले. वरचा वरून निघाला. खालचा गवतातून निघाला. मधला लेन मॅथिस, कापडगिरणीत मेकॅनिक, सव्वीस वर्षांचा, भला माणूस, त्याला निघायला जागाच नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. भरलेली लोखंडी पेटी जिन्यावरून सोडावी तसा झाला. लेनची गाडी धडकेने उलटी फिरली आणि पाठमोरी घसरत पांढऱ्या रेषेपार गेली. ओलांडली म्हणजे ओलांडली. वर बसून नंबर टिपणाऱ्या बाईने वहीत त्याचा तिसरा नंबर लिहिला. तोच रिवाज होता.

कॉयने लाल दाखवलं. लाल दाखवल्यावर निशाणवाला खाली उतरत नाही. ट्रॅक मोकळा होईपर्यंत त्याने मचाणावर उभं राहायचं. हर्शेलला गाडी कापून बाहेर काढायला बावीस मिनिटं लागली. बावीस मिनिटं कॉय लाल निशाण धरून वर उभा होता आणि खाली ओनेटा कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी होती. तिने एकदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. बस, एकदाच. मग ती रुग्णवाहिकेत बसून गेली.

कॉय खाली आला तेव्हा गार्लंड म्हणाला, "नऊ फेऱ्या राहिल्यात, कॉय." कॉयने निशाणांचा जुडगा त्याच्या हातात दिला आणि पिकअपकडे गेला. शहरातलं इस्पितळ तीस मैलांवर. त्याच्या मागून आलेल्या एकाने नंतर सांगितलं, की त्या दिवशीसुद्धा गडी पंचेचाळीसच्या वर गेला नाही. गावाने हे हसत हसत ऐकलं आणि मग जरा वेळ कुणीच हसलं नाही.

हर्शेल वाचला. कमरेचं हाड तीन ठिकाणी, डावा पाय गुडघ्याखाली कायमचा बधिर. ख्रिसमसनंतर तो दोन कुबड्यांवर ओनेटाच्या घरी राहायला आला.

न्हाव्याच्या दुकानात चर्चा झाली ती कॉयच्या कौतुकाची. "काहीही म्हणा, या खेपेला म्हाताऱ्याने निशाण झटकन काढलं." "मेहुणा आहे ना. काळजी असते." "त्याने वेळेवर नसतं दाखवलं तर मेलाच असता हर्शेल." लोक रस्त्यात थांबून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. कारखान्यात माणसं त्याच्याशी बोलायला लागली. सत्तावीस वर्षं घोरून दाखवणारं गाव पहिल्यांदा त्याला चांगलं म्हणत होतं, आणि कॉय दरवेळी पुढचं जेवण ताटात तसंच ठेवून उठायचा. त्या हिवाळ्यात तो चौदा पौंड उतरला.

शेवटी फेब्रुवारीत, हर्शेल आतल्या खोलीत झोपलेला असताना, त्याने स्वयंपाकघरात ओनेटाला सांगितलं.

"मी निशाण लवकर दाखवलं."

"मग चांगलंच केलंस की."

"नाही."

तिला कळेना. कॉयने लांबट ताट ओढलं, कडेला मिठाची बाटली ठेवली, ती रेषा. राजम्याचे दाणे मांडले. एक दाणा चौथ्या वळणावर आडवा. बाकीचे पलीकडे. मग त्याने ते दाणे बोटाने दोनदा फिरवून दाखवले. एकदा निशाण धरून ठेवलं तर कसे येतात ते. एकदा लगेच दाखवलं तर कसे येतात ते. दुसऱ्या वेळी आडवा दाणा ताटाबाहेर उडाला आणि जमिनीवर पडला. दोघांपैकी कुणीही तो उचलला नाही.

"म्हणजे इतक्या वर्षांत लोक घोरायचे ते..."

"हो."

"आणि दुसरा कुणी असता, तर तू थांबला असतास."

"हो."

"आणि बाजूने निघाले असते सगळे, आणि तो चालत आला असता."

"बहुतेक."

ओनेटाने ताट उचललं, दाणे डब्यात परत टाकले, ताट धुतलं. एकच ताट, पण बराच वेळ धुतलं. पाठमोरीच म्हणाली, "हर्शेलला सांगू नकोस. तो म्हणतो, दाजींनी वाचवलं."

मार्चमध्ये हंगामाआधीची बैठक भरली, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, घडीच्या खुर्च्यांवर. कॉय सत्तावीस वर्षांत अशा बैठकीत उभा राहून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. हातात कागद होता पण त्यात बघितलं नाही.

"पिवळं दिसलं की जो जिथे आहे तिथेच त्याचा नंबर पक्का करायचा. रेषेपर्यंत पळायचं नाही. एवढंच."

शेडमध्ये खुर्च्या करकरल्या. कुणीतरी म्हणालं, "मग पळायचं कधी, घरी जाताना?" थोडे हसले. लेन मॅथिस मागे भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही. गाडी त्याने हिवाळ्यातच विकून टाकली होती, मत द्यायचा त्याला हक्क नव्हता, तरी आला होता.

गार्लंड मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "कॉयचा मान आहे. पण यावर बोलायचा हक्क इथे एकाच माणसाला आहे." आणि टोपी काढून त्याने हर्शेलकडे हात केला.

ओनेटाने भावाला गाडीतून आणलं होतं. त्याला उठायला तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. कुबड्या जुळवायला वेळ लागला.

"दाजींचं मन मोठं आहे," हर्शेल म्हणाला. "माझ्यामुळे त्यांना झोप नाही, मी शेजारच्याच खोलीत असतो, मला ऐकू येतं. पण मला विचारलंत म्हणून सांगतो. माझं टायर फुटलं, ते दौडीने नाही फुटलं. लेनची चूक नाही. माझ्या पायासाठी म्हणून हे बंद केलंत, तर उद्यापासून गाव म्हणेल, हर्शेलने दौड मारून टाकली. मी बावीस वर्षांत काही मारलं नाही, हे एवढं मारायचं नाही मला." त्याने एक कुबडी नीट रोवली. "आणि तीनदा फेरी परत मिळाली होती मला. ती काढून घेऊ नका."

मतं झाली. बावीस विरुद्ध तीन. हर्शेलला ड्रायव्हर म्हणून अजून मत होतं आणि त्याने ते बावीसांत टाकलं.

बाहेर पार्किंगमध्ये ओनेटा पिकअपच्या दाराशी थांबली. हर्शेल आत बसलेला, काच वर.

"तू आता वर चढणार नाहीस," ती म्हणाली.

"मग कोण चढेल?"

"कुणीही. टेरी."

"टेरी लगेच दाखवेल, ओनेटा. दरवेळी. अगदी लगेच."

"दाखवू दे. त्यांनीच हात वर केलेत ना? आपटू देत."

कॉयने खिशातून किल्ली काढली. मग म्हणाला, "आपटतो तो हात वर केलेलाच असतो असं नाही."

ती दार उघडून बसली. घरी जाईपर्यंत त्यांच्यामागे सहा गाड्या अडकल्या होत्या, त्यांतल्या एकानेही भोंगा वाजवला नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कॉय मचाणावर चढला. त्या दिवसापासून ओनेटाने शनिवारचं जेवण मांडायचं सोडलं. भांडली नाही. शिजवायची, झाकून ठेवायची, आणि तो यायच्या आत झोपायच्या खोलीत जायची. ट्रॅककडे ती पुन्हा फिरकली नाही. हर्शेल मात्र दर शनिवारी हजर. पायऱ्या चढवत नसत म्हणून कुणीतरी त्याची खुर्ची चौथ्या वळणावर, थेट जाळीला लावून ठेवायचा. तिथून तो सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा. "दाजी, उठा. सकाळ झाली."

असं सहा वर्षं चाललं. सहा वर्षांत एकोणसाठ वेळा कुणी ना कुणी आडवं झालं. आकडा त्या वहीवाल्या बाईचा आहे, तिला असल्या गोष्टींचा नाद होता. एकोणसाठ वेळा कॉयने निशाण मांडीशी दाबलं आणि श्वास रोखला. एकदाही दुसरी गाडी येऊन आदळली नाही. न्हाव्याच्या दुकानात म्हणायचे, मेहुण्याच्या अपघातानंतर बिचाऱ्याचा हातच मेला. पूर्वी बरा होता. स्टँडमधली वरची बाकं रिकामी राहायला लागली. शेजारच्या जिल्ह्यात नवा ट्रॅक झाला होता, तिथे दौड चांगली व्हायची म्हणत.

दोन हजार एकच्या वसंतात गार्लंडने कॉयला भिंतीवरचं घड्याळ दिलं, पितळी पट्टीवर नाव कोरलेलं. टाळ्या वाजल्या. निशाणांचा जुडगा टेरीकडे गेला. कॉयने त्याला कोपऱ्यात घेऊन सगळं समजावून सांगितलं, चौथं वळण, सहा सेकंद, का धरायचं. टेरी वाईट नव्हता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे कॉयकाका, आपटलेला दिसत असताना मी काहीच करायचं नाही? माझ्याच्याने नाही व्हायचं ते. माणूस आहे आत." कॉयने मान हलवली, कारण ते खरंच होतं.

पहिल्या शनिवारी तो ओसरीत बसला. ओनेटा शेजारच्या खुर्चीत घेवड्याच्या शेंगा मोडत होती. सहा वर्षांनी शनिवारी दुपारी दोघं एका जागी बसली होती. ट्रॅक तिथून मैलभर, मध्ये टेकडीचा खांदा. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. हर्शेलला सकाळीच कुणीतरी चौथ्या वळणावरच्या त्याच्या खुर्चीत बसवायला घेऊन गेलं होतं.

पहिली शर्यत झाली. दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर सगळी इंजिनं एकदम, एका सुरात, चढली.

ओनेटाचे हात थांबले. हा आवाज तिलाही ओळखता येत होता.

"पिवळं?"

"हो."

"धरलं का त्याने?"

"नाही. लगेच."

आवाज चढला, वळणात दाटला, आणि तुटला. रेषा ओलांडल्यावर एकेक गाडी सावकाश होत जाते, तसा उतरला नाही. तुटला. मग नुसती माणसांची ओरड, वाऱ्याबरोबर आलेली, आणि तीही संपली.

"कुठल्या वळणावर?" ओनेटाने विचारलं.

"इथून कळत नाही," कॉय म्हणाला.

मांडीवरचं भांडं तसंच धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. इंजिनं पुन्हा सुरू व्हायची दोघं वाट बघत होती.